कन्सोल आणि हँडहेल्ड गेमच्या छोट्या परीक्षणांबाबत परीक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
मराठी दैनिके, त्यांच्या पुरवण्या आणि नियतकालिके यांचे संपादक व व्यवस्थापन;
तसेच कन्सोल व हँडहेल्ड गेमचे भारतातील वितरक आणि त्यांचे प्रसिद्धी विभाग

विषय : १२० ते २०० शब्दांच्या गेम-परीक्षणांचे मानधन, मुदत, प्रती, गुण आणि लेखनहक्क.

महोदय,

नवा गेम घ्यावा की थांबावे, हे मराठी वाचकाला सांगणारी पुरवणीतली छोटी चौकट आमच्या परीक्षक-संघटनेचे सभासद लिहितात. गेम कोणत्या यंत्रावर खेळला, त्यात चांगले काय, खटकले काय आणि शेवटी गुण किती, हे सगळे तिच्यात बसवायचे असते. ही चौकट वाचून पालक मुलासाठी डिस्क घेतात. नुकता नोकरीला लागलेला तरुण महिन्याची शिल्लक एका गेमवर लावतो. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला तो ४९,९९० रुपयांना, आणि त्याच्यासोबत आलेल्या डेमन्स सोल्स या गेमची किंमत ४,९९९ रुपये होती. एवढ्या किमतीची वस्तू चुकीच्या शिफारशीवर घेतली गेली तर नुकसान वाचकाचे होते आणि विश्वास आपल्या पत्रावरचा उडतो.

या कामाच्या अटी आजवर कुठेही लिहिलेल्या नाहीत. सभासदांनी आपापल्या अडचणी पत्राने, फोनवर आणि कार्यालयात भेटून वारंवार मांडल्या. ‘पुढच्या अंकापासून बघू’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. म्हणून पुढील मागण्या सर्व सभासदांच्या वतीने एकत्रित आणि लेखी मांडत आहोत.

मानधन

आज मानधन छापलेल्या शब्दांवर मोजतात. शब्दाला ५ रुपये धरले तर १५० शब्दांचे ७५० रुपये होतात. पर्सोना ५ सारखा गेम संपवायला शंभर तासांच्या आसपास लागतात. म्हणजे तासाला साडेसात रुपये, आणि यात लिहिण्याचा वेळ धरलेला नाही. त्याच पानावरच्या चित्रपट-परीक्षणालाही हाच दर असतो आणि चित्रपट अडीच-तीन तासांत संपतो. चित्रपट-परीक्षकांना कमी द्या, असे आम्ही म्हणत नाही. मोजमापच चुकीचे आहे, असे आमचे म्हणणे आहे.

मजकूर छोटा म्हणजे मेहनत छोटी, हा समज आम्हाला मान्य नाही. मोठ्या लेखात शंका मांडायला, दोन्ही बाजू तोलायला जागा मिळते. चौकटीत प्रत्येक वाक्य ठाम लागते आणि पुरेसे खेळल्याशिवाय ठाम वाक्य प्रामाणिकपणे लिहिता येत नाही.

मागणी १. मानधन गेमच्या लांबीवर ठरावे. १५ तासांपर्यंतच्या गेमला किमान ३,००० रुपये, १५ ते ४० तासांच्या गेमला ६,००० रुपये आणि ४० तासांहून मोठ्या गेमला ९,००० रुपये. लांबी काम देतानाच संपादक आणि परीक्षक यांनी लेखी ठरवावी. मोठा गेम पूर्ण न खेळता परीक्षण हवे असेल तर ६,००० रुपयांचा दर चालेल; मात्र किती तास खेळून लिहिले, हे चौकटीत छापावे लागेल.

हा दर मिळाला तरी शंभर तासांच्या गेमला तासामागे ९० रुपयेच पडतात, तेव्हा मागणी अवाजवी आहे असे कोणी म्हणू नये. आठवड्याला दोन चौकटी छापणाऱ्या पुरवणीने एक छोटा आणि एक मध्यम गेम घेतला तर चार आठवड्यांचा खर्च ३६,००० रुपये होतो. तो झेपत नसेल तर दोनाऐवजी एकच चौकट छापावी. दर कमी करू नये.

मागणी २. मानधन परीक्षण सुपूर्द केल्यापासून ४५ दिवसांत मिळावे, प्रसिद्धीच्या तारखेपासून नव्हे. आज जागेअभावी परीक्षण दोन आठवडे पडून राहते, मग गेम जुना झाला म्हणून ते छापलेच जात नाही आणि केलेल्या कामाचा एक रुपयाही हाती येत नाही. सुपूर्द केलेले परीक्षण छापले नाही तरी पूर्ण मानधन द्यावे. गेम खेळत असताना काम रद्द केले तर निम्मे द्यावे.

४५ दिवसांची मुदत आम्ही मनाने ठरवलेली नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु सेवा-पुरवठादाराचे पैसे लेखी करार करूनही याहून अधिक लांबवता येत नाहीत, आणि लांबवल्यास व्याज द्यावे लागते. आमच्या सभासदांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी असे संघटनेने ठरवले आहे. कायद्याचा आधार घ्यायची वेळ येण्याआधी ही अट करारात यावी, हे दोन्ही बाजूंना सोयीचे आहे.

यंत्र

हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

सायबरपंक २०७७ हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी विक्रीला आला. त्याआधी परीक्षकांना मिळालेल्या प्रती संगणकावरच्या होत्या, आणि स्वतः टिपलेली दृश्ये दाखवायलाही मनाई होती. परीक्षणे उत्तम आली. ती वाचून ज्यांनी प्लेस्टेशन ४ किंवा एक्सबॉक्स वनसाठी गेम घेतला, त्यांच्या हाती अडखळणारा, मध्येच बंद पडणारा गेम आला. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि जून २०२१ मध्ये परत घेतला. जुन्या कन्सोलवर गेम कसा चालतो हे आधी न दाखवल्यामुळे ग्राहकांना विचारपूर्वक निर्णय घेता आला नाही, अशी कबुली निर्मात्यांनीच दिली. गुण संगणकावरच्या गेमला मिळाले आणि पैसे कन्सोलवाल्यांचे गेले.

हँडहेल्डच्या बाबतीत फरक आणखी बारीक आणि म्हणून आणखी निसटता आहे. निन्टेन्डो स्विचवर एकच गेम टीव्हीला जोडून एका दर्जाने दिसतो आणि हातात घेऊन दुसऱ्या. ब्रेथ ऑफ द वाइल्ड टीव्हीवर ९००पी, हातात ७२०पी. २०१९ मध्ये स्विचवर आलेल्या द विचर ३ चे चित्र हातातल्या पडद्यासाठी ५४०पी पर्यंत उतरवले होते. २०१७ च्या मूळ स्विचची बॅटरी निन्टेन्डोच्याच सांगण्यानुसार गेमप्रमाणे अडीच ते साडेसहा तास टिकते. ब्रेथ ऑफ द वाइल्ड खेळताना तीन तासांच्या आसपास. मुंबई-पुणे प्रवासात खेळणाऱ्याला कथानकाच्या खोलीइतकीच ही माहिती लागते. ६.२ इंची पडद्यावरची अक्षरे वाचता येतात का, उन्हात चित्र दिसते का, आवाज बंद ठेवून गेम कळतो का, हे टीव्हीसमोर बसून सांगता येत नाही.

आणि स्विच भारतात अधिकृतपणे विक्रीला आलेलाच नाही. तो लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून, आयात केलेला आणि अनधिकृत किमतीला घ्यावा लागतो. यातली विसंगती राजी : ॲन एन्शंट एपिक या गेमने ठळक केली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, भारतीय पुराणकथांवर उभा असलेला हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये सर्वप्रथम स्विचवर आला. इतर यंत्रांवर तो ऑक्टोबरात पोहोचला. त्या वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातील सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन होते. पुण्यात घडलेल्या गेमचे परीक्षण पुण्याच्या वाचकासाठी वेळेत लिहायचे, तर परीक्षकाने स्वखर्चाने आयात यंत्र घेतलेले असणे ही अट होऊन बसली. ज्याच्याकडे यंत्र नाही, त्याने परदेशी परीक्षणे वाचून मत बनवायचे किंवा दोन महिने गप्प बसायचे. दोन्ही आम्हाला मंजूर नाही.

मागणी ३. प्रत्येक परीक्षणात गेम कोणत्या यंत्रावर, कोणत्या आवृत्तीत आणि हँडहेल्ड असल्यास हातात की टीव्हीवर खेळला, हे गुणांच्या शेजारी छापावे. ज्या यंत्रावर खेळला नाही, त्या यंत्रासाठी गुण देऊ नयेत.

मागणी ४. प्रत्येक प्रकाशनगृहाने परीक्षणासाठी यंत्रांचा सामाईक संच ठेवावा : चालू पिढीचे दोन्ही मोठे कन्सोल आणि निदान एक हँडहेल्ड. यंत्र नोंदवहीत सही करून नेले जाईल आणि परत येईल. छायाचित्रकाराला कॅमेरा संस्थेकडून मिळतो. त्यात कोणाला उपकार वाटत नाही. लहान प्रकाशनांनी दोघा-तिघांत मिळून संच घेतला तरी आमची हरकत नाही.

वितरकांनी यंत्र उसने दिल्यास तेही याच वहीत नोंदले जावे. आयकर कायद्यात जुलै २०२२ पासून आलेल्या तरतुदीनुसार व्यवसायाच्या निमित्ताने वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक किमतीचा लाभ वस्तुरूपात मिळाला तर १० टक्के करकपात होते. वापरून परत केलेली वस्तू असा लाभ ठरत नाही, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केले आहे. परत केल्याची नोंद वहीत असली की परीक्षकावर ना कराचा बोजा येतो, ना मिंधेपणाचा संशय.

प्रती आणि मुदत

वितरकांना आमचे सांगणे थेट आहे. मराठी प्रकाशनांना परीक्षणासाठी गेम उघडून देणारे कोड इंग्रजी माध्यमांच्या नंतर, कित्येकदा विक्री सुरू झाल्यावर मिळतात. कधी परदेशी विभागाचा कोड येतो आणि भारतीय खात्यावर तो चालतच नाही. परीक्षकाला फक्त त्यासाठी दुसरे खाते उघडावे लागते.

मागणी ५. कोड भारतीय खात्यावर चालणारा असावा आणि प्रसिद्धीची मुभा मिळण्याच्या किमान १० दिवस आधी यावा. ४० तासांहून मोठ्या गेमसाठी १८ दिवस आधी. कन्सोलवर विकल्या जाणाऱ्या गेमचा कोड कन्सोलचाच असावा. इंग्रजी आणि मराठी माध्यमांना तो एकाच दिवशी जावा. कोड पाठवायला भाषेप्रमाणे वेगळा खर्च येत नाही.

मागणी ६. विक्री सुरू झाल्यानंतरही परीक्षण रोखून धरणारी बंदी आमचे सभासद पाळणार नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये असॅसिन्स क्रीड युनिटी अमेरिकेत विक्रीला आल्यावरही सुमारे बारा तास परीक्षणे थांबवून ठेवली होती. त्यातले दोष लोकांना पैसे मोजल्यावर कळले. २०१६ मध्ये बेथेस्डा या गेम-प्रकाशकाने परीक्षकांना प्रती विक्रीच्या एक दिवस आधी देण्याचे धोरण जाहीर केले. असे प्रसंग येतात तेव्हा संपादकांनी त्या जागी दोन ओळी छापाव्यात : या गेमची प्रत वेळेत मिळाली नाही, परीक्षण पुढील अंकात. वाचकाला तेवढीही सूचना पुरते. घाईत चार तास खेळून चौकट भरण्याचा आग्रह सभासदांना करू नये.

गुण

जपानच्या फामित्सू साप्ताहिकाने छोट्या परीक्षणाला शिस्त कशी असते ते दाखवले. चार परीक्षक, प्रत्येकाच्या मोजक्या ओळी, प्रत्येकाचे दहापैकी गुण वेगळे छापलेले आणि खाली चाळीसपैकी बेरीज. पहिले चाळीस गुण १९९८ मध्ये द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकारिना ऑफ टाइमला मिळाले. चौघांचे मतभेद वाचकासमोर राहतात, कोणी ते मागच्या खोलीत मिटवत नाही. आपल्या पानांवर चार परीक्षक परवडणार नाहीत, हे आम्ही जाणतो. परीक्षकाने दिलेला आकडा तसाच छापणे मात्र परवडण्याचा प्रश्नच नाही.

सभासदांनी दिलेले अडीच तारे छपाईत साडेतीन झाल्याचे प्रसंग घडले आहेत. विचारल्यावर ‘पानाला बरे दिसते’ किंवा ‘जाहिरात आहे’ असे उत्तर मिळाले. ही किरकोळ बाब मानू नये. फॉलआउट : न्यू वेगास (२०१०) करणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीचा बोनस परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक संकेतस्थळावरील ८५ गुणांशी बांधलेला होता, गेमला ८४ मिळाले आणि बोनस गेला. परीक्षणाच्या गुणांवर कोणाचा तरी मेहनताना ठरावा हे आम्हाला मुळीच पटत नाही. पण तो ठरत असेल, तर वाढवलेला किंवा घटवलेला एक तारादेखील कोणाचे तरी घेणे-देणे बदलतो.

जाहिरातीच्या दबावाचे उदाहरण या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. परीक्षक जेफ गर्स्टमन यांनी केन अँड लिंच : डेड मेनला दहापैकी ६ दिले तेव्हा ते जिथे नोकरी करत त्या गेमस्पॉट संकेतस्थळावर त्याच गेमची ठळक जाहिरात चालू होती. नोव्हेंबर २००७ मध्ये त्यांची नोकरी गेली, आणि २०१२ मध्ये त्यांनी जाहिरातदारांच्या दबावाची हकिगत स्वतः सांगितली.

मागणी ७. गुण परीक्षकाच्या लेखी संमतीशिवाय बदलू नयेत. संपादकाला गुण पटत नसतील तर परीक्षण परत करावे किंवा दुसऱ्या परीक्षकाचे मत शेजारी, नावासह छापावे. प्रसिद्ध होण्याआधी परीक्षण जाहिरात विभागाला दाखवू नये. ज्या गेमची जाहिरात त्या अंकात असेल, त्याच्या चौकटीखाली तसा उल्लेख असावा.

मजकूर

जागा कमी पडली की बातमी शेवटून कापतात, आणि बातमीसाठी ते योग्यही आहे. छोट्या परीक्षणात इशारा आणि निष्कर्ष शेवटीच असतो. ‘ऑनलाइन खाते नसेल तर निम्मा गेम बंद राहतो’ हे शेवटचे वाक्य गेले की उरलेली चौकट निखळ शिफारस होऊन बसते, आणि तिच्याखाली नाव मात्र आमचे असते.

मागणी ८. परीक्षक मजकूर देतानाच वगळता येतील अशी दोन वाक्ये खूण करून देईल. काटछाट तेवढ्यापुरतीच व्हावी. याहून अधिक लागल्यास एक फोन करावा. वितरकांनी जाहिरातीसाठी परीक्षणातले उद्धृत पूर्ण वाक्याचेच घ्यावे, अर्ध्या वाक्याचे नाही, आणि त्यासाठी परीक्षकाची संमती घ्यावी.

परीक्षकाचे नाव असावे आणि मजकुराची मोडतोड होऊ नये, हा हक्क कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ ने दिलेलाच आहे. आमचे सभासद पगारी नोकर नाहीत. त्यांच्या लेखनाची मालकी लेखी हस्तांतराशिवाय प्रकाशनाकडे जात नाही. तरीही पुरवणीतली परीक्षणे ॲपवर, दुसऱ्या आवृत्तीत आणि वार्षिक विशेषांकात परस्पर पुन्हा छापली जातात.

मागणी ९. मानधनात एका आवृत्तीतील छपाई आणि त्याच प्रकाशनाचे डिजिटल रूप एवढेच धरावे. त्यापुढील प्रत्येक वापराला मूळ मानधनाच्या २५ टक्के द्यावेत.

छापून झाल्यावर बदललेला गेम

क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्युएल्ड जून २०१९ मध्ये आला आणि परीक्षणे छापली गेली. ऑगस्टमध्ये त्यात खऱ्या पैशांची खरेदी जोडण्यात आली. परीक्षकांनी वाचकाला जे सांगितले होते, ते त्यांच्या हाताबाहेर जुने झाले. उलटही घडते : सायबरपंकमध्ये पुढच्या तीन वर्षांत एवढी दुरुस्ती झाली की पहिल्या आठवड्यातले मत आज कोणाच्या उपयोगाचे नाही. मुलाच्या हाती कार्डाचा नंबर असलेले खाते देणाऱ्या पालकाला पहिला प्रकार जास्त महागात पडतो, म्हणून त्याची सूचना तातडीने गेली पाहिजे.

मागणी १०. प्रसिद्धीनंतर सहा महिन्यांच्या आत गेममध्ये खरेदी, ऑनलाइन अट किंवा वयोगट यांबाबत मोठा बदल झाला, तर परीक्षकाला ५० शब्दांची पुरवणी-नोंद देण्याचा हक्क असावा. ती दोन अंकांच्या आत छापावी आणि तिला १,००० रुपये द्यावेत. डिजिटल मजकुरात ती मूळ परीक्षणाच्या वर यावी.

आमच्याकडील बंधने

मोफत मिळालेल्या प्रतीचा उल्लेख प्रत्येक परीक्षणात करणे सभासदांवर बंधनकारक राहील. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घातली. परीक्षक त्यांच्या कक्षेत येतात की नाही या वादात न पडता आम्ही ती पाळू. वितरकाकडून प्रवास, मुक्काम किंवा भेटवस्तू घेणाऱ्या सभासदाला त्या गेमचे परीक्षण लिहिता येणार नाही. डब्यावरचा वयोगट चौकटीत दिला जाईल. खेळलेल्या तासांची नोंद संपादकाने मागितल्यास कन्सोलवरील नोंदीसह दाखवली जाईल. ठरलेली मुदत चुकवल्यास मानधनातून १० टक्के कापावेत. कोड उशिरा आला असल्यास ही कपात लागू नसेल.

अंमलबजावणी

मागण्या ३, ६, ७ आणि ८ यांना एक रुपयाही लागत नाही. त्या पुढच्या अंकापासून लागू व्हाव्यात. मानधन आणि पुनर्वापराचे दर येत्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीपासून, आणि यंत्रांचा संच त्यानंतर सहा महिन्यांत, हे वेळापत्रक आम्हाला मान्य आहे. दरांचा आढावा दर दोन वर्षांनी घ्यावा.

या पत्राच्या तारखेपासून ३० दिवसांत लेखी उत्तर मिळावे. उत्तरात प्रत्येक मागणीसमोर मान्य, अमान्य किंवा बदलासह मान्य असे नोंदवावे. अमान्य असल्यास कारण द्यावे. चर्चेसाठी संघटनेचे तीन प्रतिनिधी कामकाजाच्या कोणत्याही दिवशी येतील.

मुदतीत उत्तर आले नाही, तर ३१ व्या दिवसापासून सभासद संबंधित प्रकाशनासाठी नवे परीक्षण स्वीकारणार नाहीत आणि आपल्या नावाने गुण छापण्याची परवानगी मागे घेतील. त्या दिवसापर्यंत घेतलेली कामे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करून दिली जातील.

संघटनेच्या कार्यकारिणीच्या वतीने,
अध्यक्ष
सरचिटणीस